शिकाऊ विमान: विकत घ्यायचं, भाड्याने आणायचं की घरी बांधायचं?

मागच्या भागात आपण किल्ल्यांवरच्या तोफांबद्दल बोललो. तोफखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तोफांवर बोलावं, हे ठीकच. आजचा विषय विमानाचा आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक माझ्या घराच्या गच्चीवर आहे, दुसरं माझ्या फोनमध्ये.

आधी गच्चीचं सांगतो. निवृत्तीनंतर मी बंगळुरूला मारतहळ्ळीत राहायला आलो. साताऱ्याकडचे नातेवाईक पत्ता लिहून घेताना हमखास विचारतात, "मराठ्यांची हळ्ळी का हो?" इथले जुने रहिवासी वेगळीच गोष्ट सांगतात. शेजारच्या एचएएलच्या कारखान्यात 'मरुत' नावाचं लढाऊ विमान तयार झालं, त्यावरून गावाचं नाव पडलं, असं ते म्हणतात. मरुत पहिल्यांदा उडालं ते १९६१ साली. गावाची नावं एवढी तरुण नसतात, तेव्हा या दोन्ही गोष्टी दंतकथा म्हणूनच घ्याव्यात. खरं एवढंच, की एचएएलच्या धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक आमच्या अंगाला आहे आणि सकाळचा चहा विमानाच्या आवाजाशिवाय होत नाही. २००८ च्या मे महिन्यापर्यंत शहराची प्रवासी विमानंही इथेच उतरत. आता ती देवनहळ्ळीला जातात. इथे राहिली ती प्रामुख्याने कारखान्याची, चाचणीची आणि लष्कराची विमानं.

आता फोनचं. माझ्या युनिटमधले एक सुभेदार-मेजर आहेत, माणदेशातले. फौजेत ते मला साहेब म्हणायचे आणि मीही त्यांना साहेबच म्हणायचो, आपल्या फौजेची रीतच तशी आहे. त्यांची मुलगी वैमानिक व्हायला निघाली आहे. एका उड्डाण संस्थेत प्रवेश घेतला, बहुतेक पैसे आधीच भरले. आणि संस्थेची निम्मी विमानं सुट्या भागांची वाट बघत शेडमध्ये उभी. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. पोरीचे वर्षभरात ऐंशी झाले.

सुभेदार साहेब म्हणाले, "साहेब, आम्ही चार बापांनी ठरवलंय. मिळून एक जुनं सेसना १५२ घ्यायचं. एक दलाल आहे, देतो म्हणतोय. संस्थेला चालवायला द्यायचं, आपली पोरं आधी उडवायची. पोरं पास झाली की विकून टाकायचं. भाडं भरून हातात काय राहतं? ग्रॅच्युइटीचे पैसे अजून शिल्लक आहेत, अन् रस्त्याकडेचा प्लॉट विकला की माझा वाटा होतोय. तुम्ही हो म्हणा, मी परवा विसार देतो."

मी म्हणालो, "साहेब, मला दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत मी जे मांडलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न फक्त चार बापांचा नाही. गेली जवळजवळ शंभर वर्षं आपल्या देशाने तो वेगवेगळ्या वेळी स्वतःला विचारलेला आहे, आणि त्याची बरीचशी उत्तरं माझ्या गच्चीवरून दिसणाऱ्या त्या धावपट्टीवर लिहिली गेली आहेत.

सुरुवात मुंबईपासून करू. १९२८ साली सरकारी मदतीने दिल्ली, मुंबई अशा शहरांत फ्लाइंग क्लब निघाले. क्लबची कल्पना साधी होती. विमान क्लबचं, शिक्षक क्लबचा, मेकॅनिक क्लबचा. सभासदाने उडेल तेवढ्या तासांचे पैसे द्यायचे. मुंबईच्या क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे.आर.डी. टाटांनी परवाना मिळवला, त्यावर क्रमांक होता १. आता टाटांच्या घरात विमान विकत घ्यायला पैसे नव्हते असं कोणी म्हणेल का? पण शिकले ते क्लबच्याच विमानावर. स्वतःचं जिप्सी मॉथ आलं ते नंतर.

आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. १९३० मध्ये जे.आर.डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पी तिथे अडकून पडले होते, कारण इंजिनाला स्पार्क प्लग नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले, आणि शर्यत अस्पींनी जिंकली. ही गोष्ट आपण नेहमी खिलाडूवृत्तीची म्हणून सांगतो, ती आहेच. पण फौजेतला माणूस त्यात आणखी एक गोष्ट बघतो. मुठीत मावेल एवढा एक भाग नसेल, तर विमान कोणाच्या मालकीचं आहे याला काडीचीही किंमत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटपर्यंत कामाला येईल.

आता बंगळुरूला येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद. रस्ते, बोगदे, जहाजं, साखर असं सगळं करून झालेला माणूस. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली आणि डोक्यात कारखाना शिरला. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. महायुद्ध पेटलेलं. सगळ्यांच्या डोळ्यापुढे लढाऊ विमानं आणि बाँबफेकी विमानं. पण १९४१ मध्ये या कारखान्यात जोडून पहिलं जे विमान उडालं, ते कोणतं? हार्लो पीसी-५, अमेरिकेतून सुट्या भागांत आणलेलं, प्रशिक्षणाचं विमान. आपल्या विमान उद्योगाचा श्रीगणेशा शिकाऊ विमानाने झाला. नंतर युद्धाची निकड वाढली, १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेतला आणि कारखाना मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र झाला. हजारो हात त्या काळात दुरुस्ती शिकले. पुढे जे घडलं, त्याचं बी इथे पडलं.

त्यानंतरचा माणूस आपल्या कोल्हापूरचा. विष्णु माधव घाटगे, जन्म १९०८. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. वायुगतिकीत प्रांट्ल म्हणजे मूळपुरुष, त्यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस परत येऊन बंगळुरूच्या कारखान्यात दाखल झाला. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची घडीही त्यांनीच बसवली.

स्वातंत्र्य आलं तेव्हा आपली पोरं टायगर मॉथवर शिकत होती. ते ब्रिटिश विमान, गुणी पण म्हातारं. पर्सिव्हल प्रेंटिस हे दुसरं ब्रिटिश विमान आपण परवाना घेऊन इथे बांधलं. ते अंगाने जड आणि इंजिनाच्या मानाने आळशी. तेव्हा देशासमोर तीन वाटा होत्या: बाहेरून घ्या, परवान्यावर बांधा, किंवा स्वतः आखा. घाटग्यांच्या चमूने तिसरी वाट धरली. हिंदुस्थान ट्रेनर-२, म्हणजे एचटी-२, ऑगस्ट १९५१ मध्ये याच धावपट्टीवरून उडालं. पुढे मागे दोन बैठका, धातूचं अंग, साधी रचना. सुमारे १७० विमानं बांधली गेली, हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. घाना देशाने आपलं हवाई दल उभारताना १२ एचटी-२ आपल्याकडून नेली. एचटी-२ चं इंजिन मात्र आपलं नव्हतं, ते बाहेरचंच. हेही लक्षात ठेवा.

मग क्लबांचा प्रश्न आला. टायगर मॉथ निवृत्त होत चाललेले, नवीन परदेशी विमान घ्यायला परकीय चलन नाही. त्यावर एचएएलचं उत्तर 'पुष्पक'. १९५८ च्या सप्टेंबरात उडालेलं, वर पंख असलेलं, शेजारी-शेजारी दोन जागांचं हलकं विमान, ९० अश्वशक्तीचं इंजिन. दीडशेच्या आसपास बांधली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी वैमानिकांचं पहिलं एकट्याचं उड्डाण पुष्पकवर झालं आहे. बांधलं सरकारी कारखान्याने, ठेवलं क्लबने, विद्यार्थ्याने तासाचं भाडं दिलं. बांधणं, घेणं आणि भाडं या तिन्ही गोष्टी एकाच साखळीत आल्या. प्रत्येकाने त्याला झेपेल तो भाग उचलला.

आम्हा तोफखान्यावाल्यांचं घाटग्यांशी एक नातं आणखी आहे. तोफेचा गोळा कुठे पडतो ते आकाशातून बघून सांगणारे आमचे एअर ओपीचे अधिकारी. त्यांच्यासाठी 'कृषक' हे छोटं विमान याच कारखान्यात तयार झालं. मी रुजू झालो तेव्हा कृषक निवृत्त झालं होतं, पण त्याच्या गोष्टी सांगणारे वरिष्ठ आमच्या मेसमध्ये होते.

१९६४ मध्ये जेट प्रशिक्षणासाठी 'किरण' उडालं. इथपर्यंतची कहाणी ऐकून छाती फुगते. आता जी सांगतो, ती ऐकताना मान खाली जाते.

नव्या वैमानिकाला किरणवरून थेट लढाऊ विमानावर बसवणं म्हणजे सायकल शिकलेल्या पोराला एकदम घाटात ट्रक देणं. मधली पायरी हवी. काही काळ पोलंडची इस्क्रा विमानं, जुनी हंटर विमानं यांनी ती पायरी निभावली. ती थकत गेली, तसा भार मिग-२१ वर आला. हे विमान उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर धावतं, चूक पदरात घेत नाही. १९८२ मध्ये एअर मार्शल डेनिस ला फोंतेन यांच्या समितीने सांगितलं की प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवं. विमान कोणतं, ब्रिटिश की फ्रेंच, किमतीचं काय, इथे किती बांधायची, यावर खल सुरू झाला. सरकारं आली, गेली. करारावर सही झाली मार्च २००४ मध्ये: ६६ हॉक विमानं, त्यातली २४ तयार आणि ४२ इथे एचएएलमध्ये बांधायची. हवाई दलात रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, बीदरला. शिफारस ते सही, मोजा: २२ वर्षं.

या २२ वर्षांत पुण्याच्या एका घरात काय झालं, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगढला मिग-२१ च्या अपघातात गेला. त्याचे आईवडील, कविता आणि अनिल गाडगीळ, गप्प बसले नाहीत. त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढलं, आणि पुढे पुण्यात सिम्युलेटरवर वैमानिक घडवणारी संस्था उभी केली. एका अपघाताचं कारण एका वाक्यात सांगणारा माणूस मी नाही. पण प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क होता, आणि त्या प्रश्नांच्या मागे ती २२ वर्षं उभी होती.

याचा आपल्या विषयाशी संबंध एवढाच. घ्यावं की बांधावं की भाड्याने आणावं, यात चूक झाली तर पैसे जातात. ठरवलंच नाही तर पोरांचा वेळ जातो, कधी जीवही जातो. त्यांचं शिक्षण आपल्या निर्णयासाठी थांबून राहत नाही. ती मिळेल त्या विमानावर शिकत राहतात.

आता कोणी म्हणेल, मग सगळं घरीच बांधा, प्रश्न मिटला. तसंही नाही. एचटी-२ ची जागा 'दीपक'ने, म्हणजे एचपीटी-३२ ने घेतली. १९७७ मध्ये पहिलं उड्डाण. आखलं आपण, बांधलं आपण, मालक आपण. पण हवेत इंजिन बंद पडण्याचा रोग त्याला जडला. १७ अपघात, १९ वैमानिकांचे प्राण. जुलै २००९ मधल्या अपघातानंतर सगळी विमानं जमिनीवर उभी केली. कागदावर शंभरावर विमानं, उडायला एकही नाही. पहिल्या पायरीच्या मुलांना किरण या जेटवर बसवावं लागलं. बंगळुरूच्या २०११ च्या एअरो इंडियात 'सूर्यकिरण' चमूच्या लाल-पांढऱ्या किरण विमानांच्या कसरती लोकांनी पाहिल्या, आणि त्यानंतर तो चमू थांबवून विमानं शिकवायला नेली. वरातीचे घोडे टांग्याला जुंपले म्हणा ना.

अशा वेळी हवाई दलाने २०१२ मध्ये स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस पीसी-७ विमानं विकत घेतली, सुमारे २,९०० कोटींना. वर्षभरात पहिली विमानं हैदराबादजवळ दुंडिगलला पोचली आणि शिक्षण रुळावर आलं. घाईच्या वेळी तयार माल विकत घेणं हे शहाणपण होतं. पण गरज ७५ ने भागणारी नव्हती. एचएएलने एचटीटी-४० आखलं, ते मे २०१६ मध्ये इथून उडालं, आणि मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटींचा करार झाला. त्याचं इंजिन अमेरिकेचं. इंजिनं वेळेवर येईनात म्हणून विमानंही लांबली. अबुकीरचे स्पार्क प्लग आठवले का? आता त्याची दुसरी जोडणी आपल्या नाशिकला, ओझरला सुरू झाली आहे.

राहिलं भाडं. फौजी माणसाला 'भाड्याचं विमान' हा शब्द ऐकूनच कसंसं होतं, मलाही व्हायचं. पण बघा. इंग्लंडच्या हवाई दलात नवशिके ज्या पांढऱ्या ग्रोब ट्यूटर विमानांवर शिकतात, ती कितीतरी वर्षं एका खाजगी कंपनीच्या मालकीची आहेत, नोंदणीही नागरी. हवाई दल उड्डाणांचे पैसे देतं. आपल्या हॉक कराराच्या वेळीही, आपली विमानं यायच्या आधी आपली पोरं ब्रिटनच्या व्हॅली तळावर त्यांच्या हॉकवर शिकून आली. ते भाडंच म्हणायचं.

आणि ताजं उदाहरण. हवेत एका विमानातून दुसऱ्यात इंधन भरणं हे वैमानिकाच्या कसोटीचं काम, आणि त्याचा सराव सतत लागतो. आपल्याकडे २००३ पासून सहा आयएल-७८ विमानं आहेत, स्वतःची. त्यातली वेळेला किती मिळतात यावर कॅगने २०१७ च्या अहवालात बोट ठेवलं होतं. नवीन घेण्याची बोलणी वर्षानुवर्षं अडली. शेवटी मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया या परदेशी कंपनीकडून एक केसी-१३५ विमान भाडेपट्ट्याने घेण्याचा करार केला, खास हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. विमान त्यांचं, चालवणारे त्यांचे, देखभाल त्यांची. जगातल्या मोठ्या हवाई दलांत मोडणाऱ्या दलाने शिकण्यासाठी विमान भाड्याने आणलं. यात कमीपणा काय? गरज एका विमानाएवढी, आणि आजची होती.

दोन दिवसांनी मी सुभेदार साहेबांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, तुमच्या शेतात गहू कापायला हार्वेस्टर कोणाचा?"

"भाड्याचा. पंजाबातनं येतो, दोन तासांत मोकळं करतो."

"आणि बैलजोडी?"

"घरची. रोज लागते ना."

"आणि विहीर?"

"वडलांनी खणली. पाणी काय भाड्याने आणायचं?"

"झालं मग. वर्षातून दोन तास लागतं ते भाड्याने. रोज लागतं ते विकतचं. ज्याच्यावाचून पिढ्या जगणार नाहीत ते खणून काढायचं. देशानेही हेच केलं, जिथे चुकला तिथे या हिशेबातच चुकला. आता तुमचं विमान यातलं कोणतं ते बघू."

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, ते तिकडे, मी इकडे. पहिला प्रश्न तासांचा. चारही पोरांचे मिळून उरलेले तास साडेचारशेच्या आसपास. एवढ्यासाठी अख्खं विमान, आणि नंतर ते विकण्याची कटकट. दुसरा प्रश्न वयाचा. सेसना १५२ चं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं. म्हणजे दलालाचं 'चांगल्या कंडिशनचं' विमान कमीत कमी चाळीस वर्षांचं. अशा छोट्या इंजिनांना दोन-अडीच हजार तासांनी पूर्ण उघडून बांधावं लागतं. तो खर्च जवळ आला असेल, तर विकणारा शहाणा आणि घेणारा वेडा. तिसरा प्रश्न, दुरुस्ती कोण करणार? त्याच संस्थेचे मेकॅनिक, ज्यांच्या शेडमध्ये आधीच विमानं सुट्या भागांसाठी उभी आहेत. तुमचं विमान त्याच रांगेत शेवटी उभं राहणार. इंधनाचंही तेच. या छोट्या इंजिनांचं वेगळं पेट्रोल, एव्हगॅस, आपण बाहेरून आणत होतो. देशात तयार झालेलं बाजारात आलं ते २०२२ मध्ये.

चौथा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. फौजेत युनिटला गाड्या किती, हे इन्स्पेक्शनला येणारा अधिकारी विचारत नाही. तो विचारतो, 'ऑन रोड' किती? आमच्या युनिटमध्ये एकदा ट्रकची रांग परेडला उभी होती, धुऊन-पुसून, रंग मारून, आणि हलायला त्यातले निम्मेही तयार नव्हते. रजिस्टरमध्ये सगळे होते. दहा विमानांच्या संस्थेत तीन बंद पडली तर सात उडतात. तुमचं एक बंद पडलं तर चार पोरं एकदम जमिनीवर. एक विमान विकत घेणं म्हणजे चार पोरांचं भविष्य एका स्पार्क प्लगला टांगणं.

सुभेदार साहेब जरा तिखट झाले. "साहेब, अमेरिकेत घेतात म्हणे पोरं."

बरोबर आहे, घेतात. जुनं सेसना १५० घ्यायचं, त्यावर शिकायचं, आणि जवळपास त्याच किमतीला पुढच्या शिकाऊला विकायचं, ही तिकडची रुळलेली वाट आहे. पण तिकडे छोट्या धावपट्ट्या हजारोंनी, गावोगावी परवानाधारक मेकॅनिक, सुट्या भागांचा बाजार, आणि जुन्या विमानाला गिऱ्हाईक. आपल्याकडे डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतच व्यावसायिक परवान्याचं शिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे विमान तुमचं असलं तरी किल्ली संस्थेकडेच राहणार. अमेरिकेत विमान घेणारा विमानाबरोबर ती सगळी व्यवस्था वापरतो. इथे तुम्हाला नुसतं विमान मिळतं, व्यवस्था मिळत नाही.

"मग भाडंच भरत राहू? आधीच पैसे अडकलेत."

त्यांचा राग खरा होता. भाड्याला मी आंधळेपणाने हो म्हटलेलं नाही. भाड्याच्या सौद्यात सगळ्यात मोठी चूक त्यांची आधीच झाली होती: तासांचे पैसे तास होण्याआधी दिले. केसी-१३५ सारख्या करारात विमान उभं राहिल्याची चिंता मालकाने करायची असते. इथे चिंता विद्यार्थ्याच्या बापाने घेतली. भाड्याचा सगळा फायदाच त्यात गेला.

तेव्हा त्यांना सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो. संस्था निवडताना विमानं किती हे विचारू नका. मागच्या तीन महिन्यांत त्यातली प्रत्येकी किती तास उडाली, ते लॉगबुकातून दाखवा म्हणा. मेकॅनिक संस्थेचे आहेत की बाहेरून येतात, विचारा. पैसे टप्प्याने द्या, उडालेल्या तासांच्या मागून. आणि विमान ठरावीक दिवसांपेक्षा जास्त उभं राहिलं तर काय, हे कागदावर घ्या. विसार देऊन विमान घेणाऱ्याने जेवढी चौकशी केली असती, तेवढीच फी भरणाऱ्यानेही केली पाहिजे.

सुभेदार साहेबांनी विसार दिला नाही. चौघं बाप मिळून संस्थेत गेले, पण विमानाचे पैसे घेऊन नाही, लॉगबुक मागायला. चार फौजी-शेतकरी टेबलासमोर एकत्र बसले की बोलणं वेगळं होतं. उरलेले पैसे तासांच्या हिशेबाने घ्यायला संस्था कशीबशी तयार झाली. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पोरीचे परवा १२० तास पूर्ण झाले, ८० अजून बाकी आहेत. चौघांतल्या एका बापाने मुलाला तिथून काढून दुसरीकडे घातलं, भरलेले पैसे सोडून. प्लॉट मात्र अजून रस्त्याकडेला आहे.

आमच्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. विमान पाहावं राखून, असं मी त्याला जोडतो. घेताना फक्त किंमत दिसते, राखताना खरा खर्च कळतो. वालचंदांच्या कारखान्यात हजारो हात आधी दुरुस्ती शिकले आणि मग एचटी-२ उडालं, हा क्रम योगायोगाने आलेला नाही.

आज सकाळी गच्चीवर होतो. धावपट्टीच्या दिशेने एक छोटं विमान वळलं. मला ते एचटीटी-४० वाटलं, पण डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. पुढे-मागे दोघं बसलेले असणार. पुढच्या भागात याच धावपट्टीवरच्या मरुतची गोष्ट, आणि ते विमान इंजिनासाठी कसं तहानलेलं राहिलं, ते बघू.

तोपर्यंत काळजी घ्या, आणि पैसे तासाच्या मागून द्या. जय हिंद.